पिवळी साय

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण ती डबी ज्ञानबाकडे बघत होती. लिंबाएवढी, निळ्या झाकणाची व्हॅसलीनची डबी. झाकण बाजूला पडलेलं, आत पांढरट चोपडं मलम आणि त्या मलमात सुनेच्या बोटानं पाडलेला खळगा, डोळ्याच्या खोबणीसारखा. ज्ञानबानं मान डावीकडे केली, खोबण डावीकडे वळली. उजवीकडे केली... आता ज्या माणसानं जन्मभर लांडग्याच्या डोळ्याला डोळा दिला — निदान सेनगावच्या बाजारात तरी तो तसं सांगत आला होता, की लांडगा बघायला लागला की आपणही बघायचं, आणि आजवर पहिली पापणी पडली ती लांडग्याचीच — अशा माणसानं एका डबीपुढे नजर खाली घालावी? त्यानं डबीला झाकण लावलं. मग वाटलं, सुनेनं उघडी ठेवली ती काही विचार करूनच ठेवली असेल. पुन्हा काढलं.

बाजेवर बिरू झोपला होता. चार महिन्यांचा नातू, उताणा, दोन्ही मुठी कानांपाशी — कुणीतरी हात वर करायला सांगितले आहेत आणि हा बहाद्दर तसाच झोपी गेला आहे असा. कमरेवर छोटं डालं उपडं ठेवलेलं आणि डाल्यावरून सुनेची, साधनाची ओढणी, म्हणजे कापड अंगाला टेकत नाही आणि माशीही बसत नाही. डाल्याची युक्ती ज्ञानबाची. नव्या करडांना झाकायचं ते डालं. घासून, उन्हात वाळवून त्यानंच आणून दिलं होतं, आणि साधनानं ते घेतलं होतं. घेतलं, एवढंच. पण दोन दिवस ज्ञानबा त्या 'घेतलं'वर जगत होता.

आज तिसरा दिवस. ज्ञानबाची बायको सिंधूबाई सकाळीच कापूस वेचायला गेली होती. कापसापेक्षा तिला घरातून जायचं होतं. मुलगा शिवशंकर सेनगाव-हिंगोली जीप चालवतो, तो पहाटेच गेला. उरली सून. आणि दुपट्यांचा हा ढीग साठलेला. विहिरीवर गेल्याशिवाय गत नाही.

"मामा, तिथं हात लावू नका," जाताना साधना म्हणाली होती.

तिथं. म्हणताना तिचं तोंड अंगणातल्या कडुलिंबाकडे होतं, पदर कपाळावर ओढलेला. जणू सगळं लिंबालाच समजावून सांगत होती. "ओलं केलं तर दुपटं बदला. डबीतलं फडक्याला लावा, मंग फडकं हलक्या हातानं वर ठिवा. दाबू नका. लघवी होती का न्हाई तेवढं ध्यानात ठिवा. रगत दिसलं तर लगेच आवाज द्या, मी हितं इहिरीवरच हाय. अन् ते..."

इथं ती थांबली होती. लिंबावरची खार बुंध्यापर्यंत उतरून पुन्हा वर गेली तेवढा वेळ थांबली. ओठ हलले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"...काई न्हाई. आलेच मी."

ज्ञानबानंही विचारलं नाही. कसं विचारणार? लग्न होऊन आल्यापासून या पोरीनं सासऱ्यासमोर पोट दुखतं असंसुद्धा कधी म्हटलं नाही. दुखलं तर सासूला सांगायची, सासू त्याला सांगायची — "तिला बरं न्हाई" — आणि काय बरं नाही ते तिघांपैकी कुणीच बोलायचं नाही. घर असंच चालतं. शरीराच्या मधल्या भागाला या घरात नाव नव्हतं. आणि नेमकं तिथंच देवानं दुखणं दिलं...

लेकराला आधी ताप आला. मग गेला. मग पुन्हा आला. लघवी करताना पुढची कातडी फुग्यासारखी फुगायची, पोर लालबुंद व्हायचं, धार म्हणून नाही, नुसते थेंब. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, लघवी मागं तुंबते, सारखा जंतू होतो, एका किडनीला सूज आहे. आता थांबण्यात अर्थ नाही. शिवशंकर आतून बाहेर आला, बाकड्यावर बापाशेजारी बसला, चपलेच्या अंगठ्याशी बोलत बसला...

"बाबा, ते मुसलमानांत करतात ना... तसं करायचं म्हणतात."

"सुंता?"

"हळू बोला!"

दवाखान्यात बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या होत्या. ज्ञानबाला त्या क्षणी काय आठवावं? मेंढीचा कान. त्याच्या बापाच्या कळपातल्या प्रत्येक कोकराच्या डाव्या कानाला खालून एक खाच असायची. पैनगंगेच्या काठानं किती कळप एकमेकांत मिसळत, पण खाच दिसली की कुणी वाद घालत नसे — हे ज्ञानबाच्या बापाचं. कापलेलं म्हणजे कुणाचं तरी. मग हे आता कुणाचं? डॉक्टरीणबाई काही खूण करत नव्हत्या, हे त्याला कळत होतं. त्या लघवीची वाट मोकळी करत होत्या. पण खाच ती खाच. चांगल्या हातानं केली म्हणून ती काय कमी बोलते?

सिंधूबाईनं मात्र सरळ विचारलं. माळेगावच्या खंडोबाला तिनं जावळ बोललं होतं, आणि जावळाच्या आधी लेकराच्या अंगाला लोखंड लागू द्यायचं नाही असा तिच्या सासूपासूनचा नेम. बिरूची नखंसुद्धा ती दातानं कुरतडून काढायची, कात्री जवळ येऊ द्यायची नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आपल्या देवाच्या आधी दुसऱ्याच देवाचं झालं का वं लेकरू?"

ज्ञानबानं टोपी उचलली आणि तो घराबाहेर पडला.

गावासाठी मात्र त्यानं उत्तर तयार केलं. मारुतीच्या पारावर, पहिल्याच संध्याकाळी. "जांघेत गळू हुतं लेकराला. डॉक्टरनं चिरलं तर आतून बोराएवढा खडा. अन् खड्यावर — कुणी इस्वास ठिवनार न्हाई — घोड्याची टाप! खंडोबाच्या घोड्याची. ह्या डोळ्यानं बघितली." मग खडा कुठाय म्हणून विचारलं तर, "त्यो डॉक्टरनं बरणीत घालून ठिवला. म्हणली असा खडा आमच्या बुकात न्हाई." पारावर रोज बसणाऱ्या उत्तमसिंगानं बिडीचा झुरका घेतला, धूर सोडला आणि म्हणाला, "आसंल बा, आसंल."

आसंल. ज्ञानबाच्या साऱ्या गोष्टींच्या शेवटी हा शब्द उभा असे, वेशीवरच्या दगडासारखा. एक मेंढा एसटीनं एकटाच औंढ्याला गेला आणि कंडक्टरनं त्याला सीट दिली — आसंल. नागनाथाच्या देवळामागच्या नंदीनं आपल्याकडे बघून एकदा कान हलवला — आसंल. लोक ऐकत, हसत, मान डोलावत, आणि बिडी विझली की उठून जात. खोटं आहे असं जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. लोक चांगले आहेत, असं ज्ञानबा समजून चालला होता.

चाँदपाशासुद्धा चांगलाच. औंढ्याच्या बाजारात बकऱ्यांचा सौदा करणारा, दोघांची दोस्ती मिशा काळ्या असतानाची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ज्ञानबा मुद्दाम त्याच्याकडे गेला होता आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून झाल्यावर म्हणाला होता, "माझ्या वळखीच्या एकाच्या नातवाला सांगितलंय डॉक्टरनं. हट्टा गावाकडचा हाय. भ्यालाय बिचारा."

चाँदपाशा एका बोकडाचे दात बघत होता. बोकडाच्या तोंडातून बोट न काढता त्यानं विचारलं, "धनगर है?"

"व्हय. म्हंजे... आसंल."

"उसको बोल, डरनेका नक्को," चाँदपाशा म्हणाला. "अरे, इब्राहिम पैगंबरानं ऐंशीव्या वर्षी सोताच्या हातानं केलं म्हणतात. त्यांची सुन्नत, म्हणून आमी करतो. यहूदी लोकं तर आठव्याच दिवशी करतात, मौलवीसाब सांगत हुते. ल्हानपणी केलं की लवकर भरतं. फक्त घरात कुणाचं रगत लागलं की थांबत न्हाई असं काई हाय का, ते आधी डॉक्टरला सांग म्हणावं. आमच्या गल्लीत एका लेकराचं थांबलं न्हाई. नांदेडला न्यावं लागलं, रातभर जीव टांगणीला. वाचलं ते. तवापासून समदे दवाखान्यात करतात. हज्जाम आता निस्ती दाढी करतो."

"अन् तुझं?"

"मैं तो सात साल का था." बोकडाच्या तोंडातून बोट निघालं. "नवा शेरवानी, गळ्यात हार, घोड्यावर बसवला. मला वाटलं लगीनच हाय! मग पाटावर बसवला अन् हज्जाम बोला, वो देख ऊपर, सोने की चिडिया! मी वर बघितलं."

"दिसली का?"

चाँदपाशा हसला. पान खाऊन लाल झालेले उरलेसुरले दात. "क्या बोलू ज्ञानबा. आज तक ऊपर देखता मैं."

दुसऱ्या दिवशी शिवशंकरच्या जीपमध्ये एक पुडकं आलं. जुन्या मलमलीच्या लुंगीचे चौकोनी तुकडे, उकळून वाळवलेले, पाण्यासारखे मऊ. 'हट्ट्याच्या पाहुण्यासाठी' असा निरोप. म्हणजे त्याला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. कळूनही त्यानं खोटं धरलं नव्हतं. वरून त्या खोट्यालाच पुडकं पाठवलं होतं. ज्ञानबाचे तेव्हा डोळे भरून आले होते. आणि का कोण जाणे, थोडं एकटंही वाटलं होतं.

बिरू कुरकुरला. मुठी सुटल्या. मग तो ओळखीचा सूर, आधी बारीक, मग रागाचा. ओलं केलं होतं.

ज्ञानबानं हात धुतले, साबण लावून, दोनदा. ओढणी काढली, डालं उचललं, फडकं अलगद सोडवलं. ऑपरेशन झाल्यापासून तो पहिल्यांदा बघत होता. इतके दिवस बायका बदलत आणि तो अंगणात जाऊन लिंबाशी उभा राही... बघताना त्यालाच चोरी केल्यासारखं झालं.

आणि मग ते दिसलं. पिवळं.

टोकाभोवती पिवळट पांढरा थर बसला होता, ओला, साईसारखा.

ज्ञानबाच्या कानात त्याचा बाप बोलला. बाप मरून इतकी वर्षं झाली, पण पिवळं दिसलं की तो बोलतोच. पैनगंगेच्या कडेचा माळ, बाभळीचा काटा मागच्या पायाच्या फऱ्यात मोडलेलं कोकरू, आणि बापाचा तो घोगरा आवाज, "पिवळं ठिवायचं न्हाई, ज्ञान्या. पिवळं खाली खात जातं." कडुलिंबाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं, एक ओढ, कोकराची एक उडी, खालून लाल मांस... लाल दिसलं की बाप म्हणायचा, आता ते जगलं. आणि एकदा, एकदाच, ज्ञानबानं दया केली होती. लहान होता. कोकरू इतकं ओरडत होतं की त्यानं पिवळं तसंच ठेवलं आणि बापाला काढलं म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी जखमेत किडे. पाचव्या दिवशी कोकराची आई नुसती वास घेत उभी...

दया करायची नाही. दयेनंच मरतं.

त्यानं ठरवलं असं काही झालं नाही. हातानंच ठरवलं. चाँदपाशाच्या मलमलीचा एक तुकडा कोमट पाण्यात बुडाला, पिळला गेला, आणि ज्या हातानं हजारो जखमा पुसल्या होत्या तो हात खाली गेला, हलका, अगदी हलका — मी मेंढीला लावतो त्याच्या शंभराव्या हिश्श्यानं लावला, खंडोबाची आण...

बिरू किंचाळला. असा की अंगणातल्या शेडमधली काळी मेंढी उठून उभी राहिली.

साय निघाली. आणि खाली मांस नव्हतं. खाली गुलाबी, झिरझिरीत, आत्ताच कुणीतरी पसरलेलं काहीतरी होतं, आणि ते एका जागी फाटलं होतं. एक लाल मणी उभा राहिला. थरथरला. फुटला. मग दुसरा. मग मण्यांची माळ झाली, आणि माळेची रेघ.

वास. मी वासच घेतला नाही! पुवाला वास असतो. कोसभरावरून मला कुजकं कळतं. माझं नाक म्हणजे... आणि आज समोर, हाताएवढ्या अंतरावर, नाकानं काही सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. ते पू नव्हतंच. ती नवी कातडी होती, धरून येत असलेली. अंग आपलं आपण भरत होतं आणि मी...

'अन् ते...' म्हणून थांबली होती ती. खार उतरून वर गेली होती. हेच ते. पिवळं दिसेल, पुसू नका — एवढंच. दोन शब्द. सासऱ्यासमोर तोंडातून निघाले नाहीत, आणि सासऱ्यानंही सुनेला विचारले नाहीत. लाजेचे दोन शब्द, आणि त्यांच्या जागी आता हे लाल.

आवाज द्यायचा होता. रगत दिसलं तर लगेच. तोंड उघडलं होतं त्यानं. विहीर अशी काय लांब होती, धुण्याची थप थप ऐकू येत होती. पण आवाज द्यायचा म्हणजे सांगायचं. आणि सांगायचं म्हणजे... त्यानं दुसरा तुकडा घेतला, कोरडा, घडी केली, आणि दोन बोटांत धरून दाबला. शिवशंकर पहिल्या दिवशी म्हणाला होता, रगत आलं तर दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. उचलून बघायचं नाही. लेकराचं रडणं आता श्वासाबाहेर गेलं होतं, तोंड उघडं आणि आवाजच नाही, ओठ काळे, आणि मग एकदम सारं घर भरून टाकणारा टाहो.

गोष्ट सांगावी. लेकराला नाही तर स्वतःला. एवढ्या गोष्टी पोटात, उठता बसता बाहेर पडणाऱ्या. पण त्यानं आत हात घातला तर पोतं रिकामं. मेंढा नाही, नंदी नाही, लांडगा नाही. कोणी विश्वास ठेवणार नाही, ज्ञानबाला गोष्ट सुचली नाही. त्याच्या जिभेवर आली ती दुसऱ्याचीच.

"वर बघ," तो म्हणाला, "वर बघ बिरू, सोन्याची चिमणी! ती बघ... आली बघ..."

बिरूनं बघितलं नाही. चार महिन्यांच्या लेकराला खोटं कुठलं फसवतं? खोट्यालासुद्धा ऐकणाऱ्याचं वय लागतं. ज्ञानबानंच वर बघितलं. पत्र्याला एक खिळ्याचं भोक होतं, त्यातून उन्हाचा एक दाणा आत आला होता आणि धुरकटलेल्या आढ्यावर बसला होता. पिवळा. तो हलला नाही. ज्ञानबाही हलला नाही. बोटांखाली कोमट, ओलं, धडधडतं... ती धडधड लेकराची की आपल्या बोटांची? देवा खंडोबा, तुझ्याआधी लोखंड लागलं म्हणून रुसला असशील तर माझ्यावर रुस. हा तर कुणाचाच नाही अजून, ह्याच्या कानाला खाच नाही, डोक्याला वस्तरा नाही, ह्याला कुणाचा म्हणून तू धरतोस? आणि त्याच दमात, लाज न बाळगता, चाँदपाशाच्या अल्लालाही... ज्याच्या दारचं हे काम आहे त्याला जरा जास्त कळत असेल म्हणून.

उन्हाचा दाणा आढ्यावरून सरकून भिंतीवर उतरला तेव्हा त्यानं फडकं उचललं. थांबलं होतं. काळसर लाल रेघ, कोरडी होत आलेली. दुसऱ्या स्वच्छ तुकड्याला मलम लावून त्यानं वर ठेवला, इतका हळू की ठेवलाय हे त्या तुकड्यालाही कळलं नसेल. बिरू हुंदके देत देत गप्प झाला. आणि मग, ज्ञानबा दुपटं ओढत असतानाच, एक बारीक, सरळ, झगमगीत धार उडाली, फडक्याच्या कडेतून, थेट ज्ञानबाच्या बंडीवर, मिशीवर. थेंब नव्हेत, धार. कातडी फुगली नाही. पोर लाल झालं नाही. ज्ञानबा मिशी न पुसता तसाच बसून राहिला आणि हसला, आणि हसताना त्याला कळलं की आपण रडतोय.

थप थप थांबली होती.

रक्त लागलेला मलमलीचा तुकडा बाजेवर पडलेला. रुपयाएवढा डाग, कडेला फिकट होत गेलेला. चूल दोन हातांवर होती. टाकला असता तर... थांबलंय तर. धारही झाली. कुणाला काय कळणार? आणि सांगितलं तर शिवशंकरला फोन, जीप माघारी, हिंगोली, डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघणार, कुणी पुसलं? मग सिंधूबाई महिनाभर बोलणार नाही, ते तर सोसेल. पण साधना काही बोलणार नाही. ती नुसतं डालं परत करील. लेकराला उचलून आतल्या खोलीत जाईल, आणि यापुढे विहिरीवर जाताना लेकरू पाठीशी बांधून जाईल. म्हाताऱ्याच्या हाती लेकरू द्यायचं नाही, हे कुणी म्हणणार नाही. ते नुसतं व्हायला लागेल.

आणि नाही सांगितलं तर? रेघ पुन्हा फुटली तर? रात्री सगळे झोपलेले, दुपट्याच्या आत हळूहळू, आणि बघायला हवं हे घरात एकट्या ज्ञानबाला ठाऊक. पुसलेल्या जागी खरंच पू धरला तर, ताप चढला तर, डॉक्टरीणबाई विचारतील कधीपासून आणि कुणालाच सांगता येणार नाही. पुन्हा एक कोकरू, पुन्हा बापाला 'काढलं' म्हणून सांगायचं...

सांगायचं. ठरलं. साधना आली की सांगायचं: पुसलं, रगत आलं, थांबलं, धार झाली. चार शब्द.

साधना आली. कमरेवर पिळलेल्या दुपट्यांची बादली, केस ओले. तिनं उंबऱ्यातूनच आधी लेकराकडे बघितलं, मग डाल्याकडे, मग बाजेवरच्या तुकड्याकडे. तिची नजर तिथं थांबली. बादली कमरेवरच राहिली.

ज्ञानबानं चार शब्दांसाठी तोंड उघडलं आणि त्याचं तोंड, जन्मभर लागलेल्या वळणानं, अंगणातल्या लिंबाकडे वळलं.

"कुणी इस्वास ठिवनार न्हाई साधना," त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, खेळकर, ठसकेबाज, "पर ती काळी मेंढी हाय ना, तिच्या शेपटाला गोखरू अडकलं हुतं. म्हणलं लेकरू झोपलंय तवर कातरून टाकावं. कातर घेतली, तर वरून कावळा आला. साधासुधा न्हाई, ह्यो येवढा! अन् त्यानं आल्या आल्या झडप माझ्या टोपीवरच घातली. मी दचकलो, मेंढी दचकली, कातर फिरली, अन् बसली की अंगठ्यावर! पळत आलो, हाताला लागलं ते फडकं गुंडाळलं. आता रगतसुद्धा कसं बघ, लगेच थांबलं. कावळ्याची छाया पडली की रगत थांबतं म्हणतात..."

लिंबाचं एक पान गोल गोल फिरत खाली आलं. ज्ञानबा थांबला. आता तो शब्द यायचा होता. आसंल मामा. बादली खाली ठेवायचा आवाज, आणि दिवस पुढे.

बादली खाली ठेवली गेली.

"खोटं हाय हे, मामा."

आवाज मोठा नव्हता. पण तो लिंबाकडून आला नव्हता; सरळ त्याच्या गालावर आला होता, ऊन यावं तसा.

"कातर तुमाला चावत न्हाई," साधना म्हणाली. "मी लगीन करून आले त्या साली तुमीच सांगितलं, लोकर कातरताना. कातर तुमच्या आज्याच्या सपनात आली अन् शपथ घेऊन गेली, तुमच्या घरच्या माणसाचं रगत काढनार न्हाई म्हणून. तुमच्या अंगठ्यावर तिचा दात लागला हुता तितं तीळ आलाय म्हणलं तुमी. दाखविला बी हुता." ती थांबली. दम लागला होता तिला. एवढं ती या घरात कधी एका दमात बोलली नव्हती. पदर कपाळावरून मागे गेला होता आणि तिनं तो ओढला नाही. "लिंबाकडं न्हाई, मामा. हिकडं बघून सांगा. पिवळं पुसलं का?"

शेडमधली मेंढी पुन्हा बसली. पत्र्याच्या भोकातला दाणा आता भिंतीवरून खाली, उघड्या डबीच्या कडेवर आला होता. खोटं धरलं गेल्याची लाज यायला हवी होती, आणि ती येणारच होती, ज्ञानबाला तिची पावलं ऐकू येत होती. पण तिच्याही आधी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. तो तीळ. तो त्यानं कधीच विसरून टाकला होता. कुणीतरी एवढी वर्षं सांभाळून ठेवला होता तो, पदराआड, लिंबाकडे बघत बघत... कुणीतरी ऐकत होतं. त्याला आपली मान वळवायची होती, फक्त एवढीच मान, इकडून इकडे — आणि लांडग्यांच्या डोळ्यांत बघून आलेल्या त्या माणसाला ती मान जगातल्या कुठल्याही डोंगरापेक्षा जड लागत होती. पण ती वळायला लागली होती.